शाळेतला पाना आणि बापाचा धंदा

शाळेत कार्यशाळेचा तास सुरू झाला की आपल्या वस्तीतले आईबाप बिचकतात. "आमच्या हाताला घट्टे पडले ते पुरे झाले, पोराच्या हातात पेनच राहू द्या," असे म्हणतात. याला कुणी अडाणीपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. त्यामागे इतिहास आहे.

१९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. शाळा दिवसाला तीनच तास. उरलेल्या वेळात मुलाने बापाचा धंदा शिकावा! म्हणजे चांभाराच्या पोराने कातडे कापावे, न्हाव्याच्या पोराने वस्तरा धरावा. ज्याच्या बापाचा धंदाच पोथी वाचण्याचा, त्याने काय करावे हे वेगळे सांगायला नको. पेरियार आणि द्रविड चळवळीने 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, असे तिचे वाभाडे काढून रान उठवले. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी योजना गुंडाळली.

मग बाबासाहेब हातच्या कामाच्या विरोधात होते काय? मुळीच नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी मांडले की, आपल्या मुलांना कला व कायद्याच्या शिक्षणाचा फारसा उपयोग होणार नाही. विज्ञान व तंत्रज्ञानाचे वरचे शिक्षण हवे. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपली मुले शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावीत, असाही त्यांचा आग्रह होता. छापखान्याचे यंत्र काही आपला बापजाद्यांचा धंदा नव्हता. फरक नेमका तिथे आहे.

असे शिक्षण कसे द्यावे याचा नमुना पुणे जिल्ह्यात पाबळला पाहायला मिळतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस शिकतात. वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य सगळे सगळ्यांना. मुलगीही वेल्डिंग करते, मुलगाही रक्तगट तपासायला शिकतो. जिन्याच्या दिव्याला खाली आणि वर अशी दोन बटणे बसवायची तर आधी कागदावर आकृती काढावी लागते, बटण फेजच्या तारेवरच का घ्यायचे हे कळावे लागते. मग विज्ञानाचा धडा पाठ करावा लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे पाठवण्याचे म्हटले आहे. कल्पना वाईट नाही. पण पालकसभेला रोजी बुडते म्हणून आपण जात नाही, ते या वेळी चालणार नाही. कोणाचे मूल कुठे पाठवले, याची यादी वाचायला मागावी. मुलींना नुसते शिवण-टिपण दिले का, ते पाहावे. आणि तास संपल्यावर कार्यशाळा झाडायला कोणाच्या मुलांना थांबवतात, हेही बाईंना नीट विचारावे.