मेंदूचा कर्करोग आणि नॅनोकणांची औषधवाहतूक

मेंदूत कर्करोगाची गाठ असल्याचे निदान झाले की सारे कुटुंब हवालदिल होते. अशा वेळी ‘नॅनो उपचार’ हा शब्द कोठून तरी कानी पडतो आणि घरातील दागिने मोडून तो करावा काय, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून देणगीदार बंधुभगिनी, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी हा विषय येथे सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

मेंदूभोवतीचा पहारा

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८८५ साली प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बहुतेक अवयव रंगले. मेंदू मात्र कोरा राहिला. याचे कारण पुढे उलगडले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की रक्तातील बहुतेक पदार्थ पलीकडे जाऊच शकत नाहीत. विषापासून मेंदूचे रक्षण करणारी ही भिंत केमोथेरपीच्या औषधांनाही अडविते. गाठीच्या मध्यभागी ती काहीशी सैल होते. परंतु कडेने निरोगी मेंदूत शिरलेल्या कर्करोगपेशी तिच्याच आडोशाला राहतात आणि शस्त्रक्रियेनंतर आजार बहुधा तेथूनच उलटतो.

ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत उग्र प्रकारात शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड ही प्रमाण उपचारपद्धती आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी १०.४ टक्के, तर सोबत टेमोझोलोमाइड घेतलेल्यांपैकी २६.५ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. लाभ निश्चित आहे, पण तो अपुरा आहे.

नॅनोकण म्हणजे काय?

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सुमारे १०० नॅनोमीटर आकाराच्या मेदाच्या पोकळ गोळीत औषध भरले की त्यास लायपोसोम म्हणतात. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी झालेली धावपळ आपल्या स्मरणात असेल. मूत्रपिंडास अपाय करणारे ते औषध मेदकणांत भरल्याने अधिक सुसह्य होते. अशी इंजेक्शने बनविणाऱ्या भारत सिरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीचा कारखाना आपल्या अंबरनाथमध्येच आहे. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन याच रूपात १९९५ साली अमेरिकेत मान्य झाले. त्यामुळे हृदयावरील दुष्परिणाम कमी झाले.

मेंदूसाठी मात्र आणखी एक युक्ती लागते. रक्तातील लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनास मेंदूच्या भिंतीतून प्रवेश मिळतो. तेच प्रथिन नॅनोकणावर बसविले तर औषधालाही त्याच मार्गाने आत जाता येईल, अशी ही कल्पना आहे. प्रयोगशाळेत तिला काही यश लाभले आहे. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार प्राण्यांना टोचलेल्या नॅनोकणांपैकी सर्वसाधारणपणे जेमतेम ०.७ टक्का गाठीपर्यंत पोहोचतात. बरेचसे यकृत व प्लीहा अडवून ठेवतात. ग्लायोब्लास्टोमापर्यंत केमोथेरपी पोहोचविणारा नॅनोकण अद्याप नेहमीच्या उपचारांत आलेला नाही.

नातेवाइकांनी काय करावे?

कोणी असा उपचार सुचविल्यास ती चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे नोंदलेली आहे काय आणि नीतिसमितीची मान्यता आहे काय, हे अवश्य विचारावे. संशोधनाचा खर्च रुग्णावर टाकणे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. त्यामुळे ‘नॅनो’च्या नावाखाली मोठी रक्कम मागितली गेल्यास सावध व्हावे. चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याविना बंद करू नयेत. सकाळी वाढणारी डोकेदुखी व उलटी, प्रौढपणी प्रथमच आलेली फिट, एका बाजूची अशक्तता किंवा बोलण्यातील अडखळ ही लक्षणे अंगावर काढू नयेत.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील रुग्णांना पुढील उपचारांसाठी बहुधा परळचे टाटा स्मारक रुग्णालय किंवा त्याचे खारघर येथील केंद्र गाठावे लागते. किरणोपचार सुमारे सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला हा प्रवासच पेलत नाही आणि उपचार अर्धवट राहतो. नॅनोकणांचे संशोधन यशस्वी होईल तेव्हा होवो. आज उपलब्ध असलेला उपचार पैशांअभावी कोणाचाही अर्ध्यावर सुटू नये, यासाठी दात्यांचे साहाय्य मोलाचे आहे.