मोकळी दिसणारी रॅम

मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून राबतो. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, उबंटू आणि त्यावर कोलिब्री हे इंटरनेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर. जव्हार सोडलं की रेंजचा भरवसा नसतो. म्हणून धडे नि व्हिडिओ याच डब्यात साठवलेत, मुलांच्या टॅबवर ते इथूनच जातात.

"सर, फक्त १४० एमबी मोकळी दाखवतंय. नवीन रॅम टाकू या का?" तिथल्या शिक्षकांनी मला विचारलं. 'फ्री' कमांडची ओळ समोरच होती. एकूण ३,८०० एमबी, वापरात ९००, मोकळी १४०, बफर-कॅशमध्ये २,७६०. पण सगळ्यात शेवटी 'अव्हेलेबल' नावाचा रकाना होता, आणि त्यात २,५०० च्या वर आकडा होता. खरा प्रश्न तोच सोडवतो. डिस्कवरून वाचलेली फाइल लिनक्सचं कर्नल रॅममध्ये ठेवून देतं आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की काढून टाकतं. गरज पडल्यास अशी किती जागा मिळेल याचा अंदाज, म्हणजे 'अव्हेलेबल', कर्नल स्वतः देऊ लागलं ते २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून. त्याआधी लोक मोकळी नि कॅश यांची बेरीज करायचे, आणि ती फसायची. कारण कॅशच्या आकड्यात टीएमपीएफएससारख्या, म्हणजे फक्त रॅममध्येच राहणाऱ्या फाइलींच्या, जागाही धरलेल्या असतात, त्या अशा सहज सोडता येत नाहीत.

हे पडताळायला विज्ञानाचा एक व्हिडिओ लावला. डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला. वर्गातल्या बाकीच्या टॅबवर तोच लावला, तर दिवा जवळपास शांत. सगळं रॅममधूनच जात होतं. पावसाळ्यात लाइट गेली की उलटं होतं. मशीन पुन्हा चालू झाल्यावर मोकळी रॅम भरपूर दिसते आणि व्हिडिओ मात्र अडखळत सुरू होतात. कॅश कोरी झालेली असते, डिस्कला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. कॅश रिकामी करायची कमांड दर तासाला चालवावी, असा सल्ला कुणी देतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. ही लाइट गेल्यावरची अवस्था आपल्याच हाताने ओढवून घेणं आहे.

मग काळजी कधी करायची? 'व्हीएमस्टॅट' चालवून एसआय आणि एसओ हे रकाने बघायचे, म्हणजे डिस्कवरच्या स्वॅपमधून रॅममध्ये किती येतं आणि रॅममधून तिकडे किती जातं. स्वॅपमध्ये थोडं काही पडून असलं तरी बिघडत नाही, पण हे दोन्ही आकडे सतत हलू लागले तर रॅम खरोखर अपुरी आहे. त्याही पुढे गेलं तर कर्नल एखादा प्रोग्राम मारून टाकतं आणि 'डीमेसेज'मध्ये 'आउट ऑफ मेमरी' अशी नोंद सोडतं. इथे तशी नोंद नव्हती. रॅमचा खर्च टळला.

एक आकडा मात्र मी शिक्षकांना मुद्दाम दाखवला: मेमइन्फो फाइलमधला 'डर्टी', म्हणजे अजून डिस्कवर न लिहिलेला डेटा. पेनड्राइव्हवरून नवे व्हिडिओ टाकताना कॉपी संपल्याचं दिसतं, तरी काही भाग रॅममध्येच असतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये असा डेटा साधारण ३० सेकंद जुना झाला की लिहायला घेतला जातो. तेवढ्यात लाइट गेली तर फाइल अर्धवट. म्हणून कॉपीनंतर 'सिंक' मारायचं आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबायचं. शिक्षकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि लगेच पुढचा फोल्डर कॉपीला लावला.