शोभेची दारू : छंद आणि परवाना

शोभेची दारू घरी तयार करण्याचा छंद काही तरुणांना जडतो. सोरा, गंधक व कोळसा या जिनसा परिचित खऱ्या. परंतु सोरा स्वतःच प्राणवायू पुरवीत असल्याने त्यांच्या मिश्रणाची आग कोंडूनही विझत नाही. क्लोरेटमध्ये गंधक मिसळण्यास तर १९९२ पासून बंदी आहे. बालाघाटजवळील खैरी येथे ७ जून २०१७ रोजी फटाका कारखान्यातील स्फोटात वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. आणि ती माणसे याच कामावरची होती! स्फोटके अधिनियम, १८८४ अन्वये फटाकेनिर्मितीस परवाना आवश्यक असून, १५ किलोग्रॅमपर्यंतच्या निर्मितीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. जिज्ञासू विद्यार्थ्यांना शिक्षकांनी प्रयोगशाळेत ज्योतीचे रंग दाखवावेत : मिठाने पिवळा, मोरचुदाने हिरवा.