स्पार्क कधी पडावा : बेरीज, बदली आणि मर्यादा

नॉकिंगवर लिहीन असं म्हटलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. वसमतच्या एका मेकॅनिक वाचकांनी असा प्रश्न विचारलाय, की तो सोडवल्याशिवाय नॉकिंगला हात घालण्यात अर्थ नाही. त्यांनी जुन्या जिप्सीला प्रोग्रॅमेबल ईसीयू बसवला. मॅपमध्ये आयडलिंगच्या घरांत १२ अंश अ‍ॅडव्हान्स भरला. पण पुलीवर टायमिंग लाइट मारला की खूण कधी १८ वर दिसते, कधी १५ वर, मधेच ९ वर. सेन्सर गेला का, असं ते विचारतात.

सेन्सर शाबूत असावा. मॅपमधला आकडा ही फक्त सुरुवात असते, प्लगपर्यंत पोचणारा आकडा वेगळा असतो.

हे काही ईसीयूनं नव्यानं आणलेलं नाही. जुना डिस्ट्रिब्युटर उघडून बघा. बॉडी हातानं फिरवून बांधली की मूळ टायमिंग ठरतं. वेग वाढला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे सरकवतात. हलक्या लोडवर व्हॅक्यूमचा डायफ्रॅम खालची प्लेट उलट बाजूला ओढतो. तिन्हींची बेरीज होऊन स्पार्क पडतो आणि ही बेरीज लोखंडातच होते. पुढे २००३ साली बजाजनं पल्सरमध्ये डीटीएस-आय आणलं, तेव्हा टायमिंगचा हिशोब डिजिटल सीडीआयमधल्या चिपकडे गेला. पण तो मॅप कारखान्यात बंद झालेला. प्रोग्रॅमेबल ईसीयूत ते दार आपल्यासाठी उघडं असतं, आणि तिथे बेरजेच्या जोडीला आणखी दोन क्रिया येतात : बदली आणि मर्यादा.

बेरीज सोपी आहे. मे महिन्यात हिंगोली-कळमनुरी रस्त्यावर लोडमध्ये गाडी चाललीय, बॉनेटखालची तापलेली हवा इंजिन ओढतंय. मॅप म्हणतो २८. आत जाणारी हवा गरम म्हणून वजा ४. कूलंट नेहमीच्या तापमानाला, म्हणून शून्य. प्लगला मिळाले २४. मोंढ्यात हळदीची पट्टी हातात पडते, तेव्हा वरची रक्कम आणि खाली हमाली-तोलाई वजा जाऊन उरलेली रक्कम आपण दोन्ही बघतो. ईसीयूचा लॉग तसाच ओळीओळीनं वाचायचा.

बदलीत मात्र वजाबाकी नसते. स्टार्टर फिरत असताना ईसीयू मॅपकडे बघतच नाही, ठरवून दिलेला एकच आकडा देतो. कारण त्या वेळी आरपीएम इतका खालीवर होतो की मॅप वाचण्यात हशील नसतं. टायमिंग लॉक केलं तरी तेच. आधीची सगळी बेरीज पुसून नवा आकडा बसतो.

म्हणून क्रमाला महत्त्व. स्पीडुइनो या खुल्या प्रणालीत तो कुणालाही वाचता येतो. आधी इंधनातल्या इथेनॉलची दुरुस्ती, मग हवेचं तापमान, मग कूलंट, मग आयडलिंग. त्यानंतर सॉफ्ट रेव्ह लिमिट, लाँच वगैरे, पुढे नॉक. लॉक केलेलं टायमिंग जवळजवळ शेवटी आणि स्टार्टरचं अगदी शेवटी. लॉक इतकं मागे असल्यामुळेच ते लावलं की वरच्या सगळ्या दुरुस्त्या गप्प बसतात.

मर्यादेचंही तसंच. समजा वरची मर्यादा ३५ ठेवली. हलक्या लोडवर मॅप म्हणतो ३८, गरम हवेचे ४ वजा. मर्यादा शेवटी लावली तर ३८ वजा ४, म्हणजे ३४, आणि मर्यादेला काम उरत नाही. आधी लावली तर ३५ वजा ४, म्हणजे ३१. आकडे तेच, गाडी तीच, फरक तीन अंशांचा. आपल्या ईसीयूत मर्यादा कुठे लागते, हे मॅप भरण्याआधी पाहून घ्या.

आता वसमतची जिप्सी. आयडलिंगचं लक्ष्य समजा ८५० आरपीएम. रेडिएटरचा पंखा लागला की इंजिन ७८० वर बसतं. हवेचा व्हॉल्व्ह उघडून, हवा सिलिंडरपर्यंत पोचून जोर येईपर्यंत वेळ जातो. स्पार्क त्याहून चपळ : चार सिलिंडरच्या इंजिनात ८५० ला दर ३५ मिलिसेकंदांनी एक. म्हणून ईसीयू लगेच ६ अंश वाढवतो आणि १२ चे १८ होतात. आरपीएम लक्ष्याच्या वर गेला की तो ३ अंश मागे घेतो, तेव्हा ९ दिसतात. आयडलिंगचा मूळ आकडा मुद्दाम कमी ठेवतात तो याच्यासाठी. आधीच ३० भरून ठेवले, तर वाढवून जोर मिळायला जागाच उरणार नाही.

खात्री करायची रीत अशी. टायमिंग १० अंशांवर लॉक करा आणि लाइट मारा. खूण १० वर स्थिर राहिली तर सेन्सरही बरोबर आणि ट्रिगर अँगलही बरोबर. मग जो फरक दिसत होता तो दुरुस्त्यांचाच. खूण स्थिर आहे पण दुसऱ्याच आकड्यावर, तर तेवढा ट्रिगर अँगल सुधारा. रेस दिल्यावर खूण सरकत गेली, तर सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्यात का, ते आधी बघा. ६००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो, म्हणजे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीरही साडेतीन अंशांना पडतो. काम झाल्यावर लॉक काढायला विसरू नका. तसंच राहिलं तर ना मॅप चालेल ना नॉकची दुरुस्ती, आणि घाटात इंजिन तापेल.

पुढच्या आठवड्यात नॉकिंग. तोवर वसमतकरांनी आणि इतरांनीही आपल्या लॉगमध्ये प्रत्येक दुरुस्तीचा वेगळा रकाना सुरू करून ठेवावा. नॉकनं किती अंश मागे घेतले, हे फक्त अंतिम टायमिंग बघून कधीच कळत नाही.