तात्यांच्या जीपचा पिकअप कुठे गेला?



माझे चुलते, म्हणजे तात्या, कराड-विटा रस्त्यावर वडाप चालवतात. गेल्या दिवाळीत त्यांनी जीपची जुनी चाके काढून मोठी, रुंद चाके बसवली. गाडी झ्याक दिसू लागली. पण दर फाट्यावर माणसे चढली-उतरली की गाडी लवकर उचलेना. सुर्ली घाटात तर धापा टाकी. "पिकअपच गेला राव," तात्या म्हणायचे. मिस्त्रीने इंजिन खोलायचा खर्च सांगितला. काकू गप्पच झाल्या, कारण तेवढेच पैसे ताईच्या फीसाठी ठेवलेले होते.

मी म्हणालो, चाकांमुळे झालं असेल. आजोबा म्हणाले, "खुळा का काय? मोठं चाक हलकं चालतंय. आपल्या बैलगाडीचं बघ की!"

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, आजोबांचे खरे आहे, पण बैलगाडीपुरते. बैल चाक फिरवत नाहीत. ते जू ओढतात आणि चाक आपोआप फिरत येते. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते, म्हणून बैलांना सोपे जाते. जीपमध्ये इंजिन आस फिरवते, आस चाक फिरवतो, आणि चाक रस्त्याला मागे रेटते तेव्हा गाडी पुढे जाते. विहिरीच्या रहाटाला जाड लाकूड बसवले तर एका फेऱ्यात दोरी जास्त गुंडाळते, पण घागर हाताला जड लागते. तसेच हे.

मग मी चाके मोजली. जुने चाक २८ इंच उंच, नवे ३१ इंच. २२/७ ने गुणले तर घेर ८८ इंच आणि सुमारे ९७ इंच. म्हणजे एका फेऱ्यात गाडी ९ इंच जास्त जाते, पण रेटा शेकडा १० ने कमी होतो. आणखी एक गंमत (खरे तर भीतीच) म्हणजे काटा ५० दाखवी तेव्हा गाडी ५५ ने पळत असे!

वजनाचेही आहे. नवे चाक काट्यावर ६ किलोने जास्त भरले. चारांचे २४ किलो. पण चाकाच्या कडेचे वजन पुढेही न्यावे लागते आणि गरगर फिरवावेही लागते, म्हणून गाडी उचलताना ते जवळजवळ दुप्पट भरते. हे आम्ही वर्गात पाहिले. दोन सारखे डबे घेतले. एकाला आतून कडेने चिखल लिंपला, दुसऱ्यात तेवढाच चिखल मधोमध काठीला थापला. उतरत्या फळीवरून सोडले की मधे चिखल असलेला डबा दर वेळी पुढे! तरी भरल्या जीपपुढे हे वजन थोडेच. खरा पिकअप खाल्ला तो घेराने, असे मला वाटते.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, साठेक हजारांत, किक मारून चालू होणारी जीप बनवली. २०२१ साली ती देशभर गाजली. तिची चाके लहानच आहेत. छोट्या इंजिनाला तीच झेपतात.

तात्यांनी जुनी चाके परत बसवली. इंजिन खोललेच नाही. आजोबा अजून म्हणतात, "चाक लहान, गाडी लहान." मोठी चाके गोठ्यात पडली आहेत आणि त्यांतल्या एकात आमची कोंबडी खुडूक बसली आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी