युनिटमागे ६६ पैसे

विदर्भातल्या पुलगावात मे महिन्याचं वीजबिल कूलर ठरवतो. तो रात्रंदिवस चालला की एरवी शंभर युनिटांत भागणारं घर महावितरणच्या वरच्या टप्प्यात जातं आणि दर चढतो. अशा घरात जाऊन ‘सूर्याची, वाऱ्याची वीज मिळणार असेल तर थोडं जास्त द्याल का?’ असं विचारा. बरेच जण हो म्हणतील. नुसतं हो म्हणायला पैसे पडत नाहीत.

हा पर्याय मात्र कागदोपत्री खराच आहे. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने हरित वीज दर मंजूर केला. तेव्हा ठरलेली अट अशी: नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे भरा, तुमची सगळी वीज अपारंपरिक स्रोतांची धरली जाईल, तसं प्रमाणपत्रही मिळेल. महिन्याला दोनशे युनिटं वापरणाऱ्या घराला त्या दराने १३२ रुपये जास्त. तारेतून येणारी वीज काही बदलत नाही. चंद्रपूरचा कोळसा आणि साताऱ्याच्या पवनचक्क्या एकाच जाळ्यात मिसळतात. बदलतो तो खरेदीचा हिशेब.

इथेच ग्राहक अडतो. हरित दर मंजूर होण्याआधी तीनच महिने, डिसेंबर २०२० मध्ये, गुजरातच्या लिलावात सौरविजेची बोली युनिटला १.९९ रुपयांपर्यंत उतरली होती. मग स्वस्त विजेला जास्त पैसे का? शंका रास्त आहे, पण अर्धीच. ती बोली दुपारच्या उन्हाची. वैदर्भी उन्हाळ्यात कूलर रात्रीही लागतो, आणि तेव्हा वारा, पाणी, साठवण नाहीतर कोळसाच कामी येतो.

छतावरच्या सौरसंचाचं गणित वेगळं आहे. २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांचं अनुदान आहे. छतावर पॅनेल बसवणारा पदरचे पैसे घालतो, कारण बिल उतरताना दिसतं. ती गुंतवणूक झाली. हरित दराचे जास्तीचे पैसे परत येत नाहीत. पण पुलगावात दारूगोळा भांडाराच्या क्वार्टरात राहणाऱ्याचं किंवा भाडेकरूचं छत स्वतःचं नसतं. त्याला दुसरी वाट कोणती?

वाट कशी आखली आहे, यावरही बरंच ठरतं. जर्मनीतल्या शोनाऊ गावात नागरिकांनीच वीजवितरण हाती घेतलं आणि हरित वीज हाच तिथला नेहमीचा पुरवठा ठरला. बहुतेकांनी तोच ठेवला. आपल्याकडे अर्ज ग्राहकाने करायचा, आणि ही सोय आहे हेच किती घरांना ठाऊक असेल! शिवाय कोराडी-चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रांची राख विदर्भाने आधीच झेलली आहे, त्यामुळे ‘आम्हीच पुन्हा का?’ हा सूर मला चुकीचा वाटत नाही. निदान जास्तीच्या पैशांतून कुठल्या प्रकल्पाची किती युनिटं घेतली, हे बिलावर छापावं. मग मागावेत हे पैसे.