वय विचारणे म्हणजे संशय नव्हे

‘आप्पांनी मागवलीय’ एवढे सांगितले की मुलाच्या हाती तंबाखूची पुडी द्यायला हरकत नाही, असा समज आजऱ्यासारख्या गावांत सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. ‘कोटपा’नुसार (तंबाखूविक्रीवर बंधने घालणारा २००३चा केंद्रीय कायदा) १८ वर्षांखालील कोणालाही तंबाखू विकता येत नाही, ती खाणार कोण, हा प्रश्नच येत नाही. ग्राहक सज्ञान (१८ वर्षे पूर्ण झालेला) होता, हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर आहे. म्हणून शंका आल्यास वयाचा पुरावा मागण्याची मुभा नियमच त्याला देतात. एसटीत सवलतीचे तिकीट मागणाऱ्या आजोबांना कंडक्टर कार्ड विचारतो, त्यात अपमान नसतो, इथेही नाही.

खरेदीसाठी वेगळे ‘वयाचे कार्ड’ आपल्याकडे नाही. अनेकजण आधार पुढे करतात. पण नव्या आधारपत्रांवर ते ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असे स्पष्ट छापलेले असते. जन्मतारीख असलेला वाहन चालवण्याचा परवाना अधिक भरवशाचा.

शिक्षा किरकोळ असते, हाही गैरसमजच. बाल न्याय कायद्यानुसार (२०१५) मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा घरच्यांनीच मुलांना पुडी आणायला पाठवू नये.